ऐच्छिक राजीनामा

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. अंधेरीच्या हेड ऑफिसात लीडरशिपचं ट्रेनिंग झालं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, मोठे लीडर रोज लिहितात. माझ्यात बाकी सगळं होतं, लिहिणं तेवढं राहिलं होतं.

नोंद असावी म्हणून: मी विद्याधर, वय ४९, एचआर मॅनेजर, मुलुंड युनिट. आम्ही प्रेशर कुकरच्या रबरी रिंगा बनवतो. माणसं एकशे बारा. सतरा वर्षांत मी एकालाही नोकरीवरून काढलेलं नाही. लोक स्वतः राजीनामा देतात. मी फक्त कागद पुढे करतो आणि पेन देतो.

संध्याकाळी रुचिरा मॅडमचा फोन. मॅडम म्हणजे अंधेरीच्या एचआर हेड. वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण माणसाची पारख आहे. म्हणाल्या, एक सेन्सिटिव्ह केस आहे, ती तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही. आमचं स्टोअर बंद होतंय, माल यापुढे भिवंडीच्या गोडाऊनमधून येणार. स्टोअर इन्चार्जचा राजीनामा ३१ मार्चच्या आत हवा. काढायचं नाही, त्यानेच द्यायला हवा. ऐच्छिक.

मी लगेच हो म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, स्टोअर इन्चार्ज म्हणजे दत्ताराम.

३ फेब्रुवारी
दत्ताराम घाडी. वय ५२, राहणार भांडुप, स्टोअरमध्ये एकवीस वर्षं. बायको सुगंधा, मुलगी प्रांजल बारावीला. आम्ही दोघं रोज एकत्र जेवतो. मला या कंपनीत त्यानेच चिकटवलं असं तो लोकांना सांगतो. त्यात तथ्य एवढंच, की जागा निघाल्याचं त्याने मला सांगितलं, माझा अर्ज त्याने नेऊन दिला आणि जुन्या साहेबांकडे शब्द टाकला. बाकी क्वालिफिकेशन माझंच होतं.

निर्णय: दत्तारामला वाचवायचं. मी एचआरमध्ये असताना त्याच्या केसाला धक्का लागणार नाही. अंधेरीला एक जबरदस्त ईमेल लिहायचा. त्याला आत्ताच काही बोलायचं नाही, उगाच घाबरेल.

९ फेब्रुवारी
ईमेल चार पानांचा झाला. मुद्देसूद आहे. उद्या पाठवतो.

१० फेब्रुवारी
नीलमला वाचून दाखवला. ती म्हणाली, यात दत्तारामभावजी कमी आणि तूच जास्त आहेस. बायकोला कॉर्पोरेट भाषा कळत नाही. तरी दीड पान केला.

१२ फेब्रुवारी
शेवटचा परिच्छेद जरा कडक वाटत होता. ‘दत्ताराम घाडी यांना काढणं अन्यायाचं ठरेल’ याऐवजी ‘स्टोअरबाबत काही विचार’ असं केलं. मग बाकीचं त्याच्याशी जुळेना म्हणून तेही काढलं. चार ओळी उरल्या. पाठवला. छातीवरचं ओझं उतरलं.

१३ फेब्रुवारी
मॅडमचं उत्तर आलं. अंगठा. वर केलेला. म्हणजे विचार चालू आहे.

१६ फेब्रुवारी
मॅडमचा फोन. ईमेल छान होता म्हणाल्या. मग विचारलं, दत्तारामशी बोलण्याची तारीख ठरली का? मी म्हटलं, ठरते आहे. ईमेलवर जास्त ताणलं नाही. मुद्दा पोचलाय, हे महत्त्वाचं.

नवा निर्णय: आता दत्तारामला मीच सांगायचं. परक्या माणसाने सांगण्यापेक्षा आपल्या माणसाने सांगितलेलं बरं. या आठवड्यात. पण प्रांजलची बारावीची परीक्षा चालू आहे. परवा फिजिक्स. बाप घरी तोंड पाडून गेला तर पोरीचे मार्क जातील. फिजिक्सनंतर.

२० फेब्रुवारी, दु. १.१५
आज सांगणार होतो. सुगंधावहिनींनी सोडे घालून वांगं दिलं होतं. त्याने डब्याचं झाकण उलटं करून त्यात मला निम्मं वाढलं, नेहमीसारखं. म्हणाला, आज गप्प का रे, वहिनीने बाहेर काढला काय घरातून? मी म्हटलं, ॲसिडिटी. मग त्याने वांगं परत घेतलं आणि मला नुसता भात खायला लावला. माणसाच्या डब्यातला घास तोंडात असताना अशी बातमी देत नाहीत. एचआरच्या पुस्तकात हे नसतं, अनुभवाने कळतं.

२१ फेब्रुवारी
केमिस्ट्री बाकी आहे. मग मॅथ्स.

२४ फेब्रुवारी
रिकामा बसलो नाही. दत्तारामच्या राजीनाम्याचा मसुदा करून ठेवला, त्याला तेवढाच त्रास कमी. इंग्रजी फर्स्ट क्लास झालंय. त्यात तो लिहितो, की मी आयुष्यात नव्या संधींच्या शोधात जात आहे आणि या कंपनीत मला जे प्रेम मिळालं ते विसरणार नाही. वाचताना मलाच भरून आलं. नीलमने विचारलं, कुठल्या संधी? मी म्हटलं, फॉरमॅट असतो तो. ती भाजी चिरत राहिली.

२ मार्च
दत्ताराम शिमग्याला गावी गेला. आठवडाभर नाही. किती बरं वाटलं! म्हणजे, त्याला विश्रांतीची गरज होतीच.

मॅडमना कळवलं, कर्मचारी रजेवर. त्यांनी विचारलं, फोनवर होणार नाही का? मी म्हटलं, गावात रेंज नाही. रेंज आहे. त्याने पालखीचे अकरा फोटो पाठवले.

९ मार्च
आला. रंग अजून कानामागे आहे. माझ्यासाठी खाजं आणलं. म्हणाला, देवळात गाऱ्हाणं घातलं, पोरीच्या ॲडमिशनचं, आणि मग तुझ्या प्रमोशनचं पण घालून घेतलं. सगळ्या मानकऱ्यांनी तुझ्या नावाने व्हय म्हाराजा केलंय, आता अंधेरीवाल्यांची काय टाप आहे!

मी थँक्यू म्हटलं. काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, हे कळत होतं. खाजं खाल्लं. आलं जरा जास्त होतं.

१२ मार्च
ऑनलाइन वेबिनार: ‘अवघड संवाद, सोप्या पायऱ्या’. पायऱ्या पाच. एक, स्वागत. दोन, मुद्दा. तीन, शांतता (दहा सेकंद). चार, ऐकून घेणं. पाच, आधार. सर्टिफिकेट आलं. प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली ठेवलं. आता फक्त बोलायचं बाकी आहे.

१३ मार्च
आज शुक्रवार. वीकेंडला अशी बातमी देऊ नये, असं वेबिनारमध्ये सांगितलं होतं. निदान मला तसं ऐकल्यासारखं वाटतंय.

१६ मार्च, सोमवार
रात्री झोपेत आयडिया सुचली. रोल प्ले! सगळ्या सुपरवायझरना कॅन्टीनमध्ये बसवायचं, अवघड संवादाची प्रॅक्टिस घ्यायची. एक जण मॅनेजर होईल, एक जण ज्याला काढायचंय तो कर्मचारी. ट्रेनिंगचे तास भरतील, मॅडम खूश होतील. आणि कर्मचाऱ्याचं काम द्यायचं दत्तारामला. गावच्या दशावतारात त्याने राजा केलाय, अभिनयात तो कच्चा नाही. एकदा खोटं खोटं बोलून झालं की खरं बोलणं सोपं जाईल. मलाही आणि त्यालाही. सायकॉलॉजी आहे ही.

दत्तारामला विचारलं. एका पायावर तयार. म्हणाला, रडायचं आहे की फक्त पडलेला चेहरा?

१७ मार्च
रोल प्ले, दुपारी साडेतीन, कॅन्टीन. हजर बारा सुपरवायझर. वडे सांगितले होते.

मॅनेजरचं काम प्रॉडक्शनच्या राजेशला दिलं होतं. त्याला पहिल्याच वाक्याला हसू फुटलं, तीनदा. शेवटी मीच मॅनेजर झालो. दत्ताराम समोरच्या खुर्चीत, गुडघ्यांवर हात ठेवून. सुरुवातीला मजा करत होता. हात जोडून मायबाप सरकार म्हणाला, शर्टाच्या टोकाने डोळे पुसले. सगळे हसले. मी म्हटलं, स्क्रिप्टच्या कागदावर आहे तेवढंच करू या.

पायरी एक केली. पायरी दोन: कागदावर ‘तुमचं डिपार्टमेंट बंद होत आहे’ असं होतं. माझ्या तोंडून निघालं, दत्ताराम, स्टोअर भिवंडीला जातंय, एकतीस तारखेपर्यंत.

तो हसता हसता थांबला.

पायरी तीन, दहा सेकंद शांतता. मी मनात मोजत होतो. चाळीसपर्यंत मोजलं. कॅन्टीनचा कुकर वाजला. मग त्याने विचारलं, साहेब, घरी आजच सांगू की पोरीची सीईटी झाल्यावर? साहेब म्हणाला मला. सतरा वर्षांत पहिल्यांदा. अर्थात भूमिकेत होता तो.

मी कागद पाहिला. त्यात याचं उत्तर नव्हतं. म्हणून थेट पाचव्या पायरीवर गेलो आणि म्हटलं, एचआर सदैव तुमच्या पाठीशी आहे. तो उठला, माझा हात हातात घेऊन जरा वेळ उभा राहिला. टाळ्या पडल्या. राजेश म्हणाला, च्यायला, डोळ्यांत पाणी आणलंस दत्त्या.

बेस्ट ॲक्टरचं बक्षीस म्हणून कंपनीच्या नावाची स्टीलची बाटली दिली. एकूण कार्यक्रम झकास. दत्तारामच्या काही लक्षात आलं असेल असं वाटत नाही. तो अभिनय करत होता. वडा मात्र त्याने खाल्ला नाही.

१८ मार्च
दत्ताराम जेवायला आला नाही. स्टॉक मोजतोय म्हणे. मी जागेवरच जेवलो.

१९ मार्च, पाडवा
सुट्टी. दत्तारामकडून गुढीचा फोटो आला. दर वर्षी मला वेगळा मेसेज यायचा, खाली काहीतरी शिवी लिहिलेली. या वेळी सगळ्यांना पाठवतात तसला आला, नाव नसलेला. घाईत असेल. सणाच्या दिवशी गडबड असतेच.

२० मार्च
आजही स्टोअरमध्येच जेवला. राजेश सांगत होता, दत्त्याने प्रत्येक खणावर नवीन चिठ्ठी लावायला घेतलीय. कुठली रिंग कुठल्या कुकरची, कुठल्या पार्टीला उशीर चालत नाही, सगळं सुवाच्य अक्षरात. मी म्हटलं, याला म्हणतात इनिशिएटिव्ह. मॅडमनाही कळवलं, कर्मचाऱ्याचा मूड पॉझिटिव्ह आहे.

त्याला एकदा विचारावंसं वाटलं, तुला कळलंय का? स्टोअरच्या दारापर्यंत गेलो. तो शिडीवर होता, पाठमोरा. लाज वाटली. परत आलो. एक फोन करायचा राहिला होता.

२३ मार्च
मॅडम: आठ दिवस राहिले. मी: उद्या नक्की. या वेळी मी ठाम होतो, आवाजातही.

वेबिनारमधल्या बाईंनी सांगितलं होतं, निळा शर्ट घालावा, समोरच्याला विश्वास वाटतो. माझा निळा शर्ट इस्त्रीवाल्याकडे आहे.

२४ मार्च
इस्त्रीवाल्याचं दुकान मंगळवारी बंद असतं, हे मला माहीत असायला हवं होतं.

२५ मार्च, स. ११.४०
निळा शर्ट घालून आलो. पावणेअकराला जायचं, असं ठरवलं. मग अकराला. अकरा वाजून दहा मिनिटांनी दत्तारामच केबिनमध्ये आला. दार त्याने स्वतः लावून घेतलं. मी पहिल्या पायरीची तयारी करत होतो, तेवढ्यात त्याने कागद टेबलावर ठेवला. राजीनामा. हाताने लिहिलेला, मराठीत, चार ओळी. माझा इंग्रजी मसुदा वाया गेला.

म्हणाला, तुका बोलाक जमाचा नाय, ह्या माका ठावक होता रे. म्हणून म्हटलं, आता किती दिवस तुला ताटकळत ठेवायचा. मी म्हटलं, दत्ताराम, तुझा काहीतरी गैरसमज होतोय. तो म्हणाला, बरं. मग म्हणाला, तू वाळलास, नीट जेवत जा.

फक्त एकच विचारलं त्याने. अर्जात ‘ऐच्छिक’ लिहावं लागतं का? मी म्हटलं, लिहिलेलं बरं असतं. त्याने माझ्याकडे पेन मागितलं, तो शब्द वर लहान अक्षरात घातला, आणि पेन टोपण लावून परत ठेवलं.

एकूण सात मिनिटं. वेबिनारमध्ये वीस सांगितली होती. यावरून माझी तयारी किती चांगली होती ते दिसतं.

२६ मार्च
मॅडम फार खूश. इतक्या शांतपणे झालेली केस त्यांनी पाहिली नाही म्हणे. बाकीच्या युनिटसाठी मी यावर टिपण लिहावं, ‘मुलुंड पद्धत’ म्हणून. ठाण्याला चार आणि वसईला सहा केसेस आहेत. अप्रेझलमध्ये माझं नाव वर जाणार, असं सूचित केलं.

खूश व्हायला हवं. वाट पाहिली. झालो नाही. अजून कागदावर आलेलं नाही म्हणून असेल. घरी नीलमला सांगितलं. ती म्हणाली, मग, खूश आहेस ना? मी म्हटलं, हो. तिने पोळी वाढली. टीव्ही लावला.

२७ मार्च
दत्तारामला म्हटलं, निरोप समारंभ करू. शाल, श्रीफळ, मी दोन शब्द बोलतो. तो म्हणाला, नको रे, एकदा झालाय की कॅन्टीनमध्ये, बक्षीस पण मिळालं. विनोदबुद्धी शाबूत आहे, हे पाहून बरं वाटलं. तरी भाषण लिहून ठेवलं. दोन पानं. तो असा जाणार नाही, शेवटच्या दिवशी नक्की हो म्हणेल.

३१ मार्च
मॅडमबरोबर ‘मुलुंड पद्धती’वर कॉल होता, चार ते सव्वापाच. तेवढ्यात दत्ताराम गेला. राजेशने सांगितलं, साडेचारला सगळ्या मशीनवर फिरून एकेकाला भेटला, चाव्या वॉचमनकडे दिल्या, कुठली चावी कुठली याची यादी पण दिली. माझ्या केबिनच्या काचेतून आत पाहिलं म्हणे. मी हेडफोन लावून बोलत होतो. डिस्टर्ब केलं नाही त्याने.

मी तेव्हा मॅडमना पायरी चार समजावून सांगत होतो, ऐकून घेणं.

एक्झिट इंटरव्ह्यूचा फॉर्म राहिला होता. तो नसल्यामुळे मीच भरला. कंपनीबद्दल मत: उत्तम. वरिष्ठांशी संबंध: उत्तम. सोडण्याचं कारण: वैयक्तिक. भाषण ड्रॉवरमध्ये ठेवलं. नाव बदललं की कुणालाही चालेल.

३ एप्रिल, शुक्रवार, दु. १२.५०
सुगंधावहिनींचा फोन. ऑफिसच्या वेळात त्या कधी करत नाहीत. आधी वाटलं, तब्येत वगैरे.

रडत नव्हत्या. दोन दिवस घरात बोलणं बंद आहे म्हणाल्या. एकवीस वर्षांची नोकरी, पोरीची ॲडमिशन तोंडावर, आणि ह्यांनी कुणाला न विचारता राजीनामा दिला. का, तर कंटाळा आला म्हणे. या वयात कसला कंटाळा? मी विचारलं, असं म्हणाला तो? त्या म्हणाल्या, हो ना भावजी. आणि म्हणाले, विद्याधरने खूप अडवलं मला. दोन दिवस कागद हातात घेईना. मीच ऐकलं नाही त्याचं.

मी काही बोललो नाही. तीन नंबरची पायरी.

मग त्या म्हणाल्या, तुमचे उपकार आहेत, तुम्ही तरी प्रयत्न केलात. आता एकदा शेवटचं बोलून बघा. राजीनामा मागे घेता येतो ना? ते दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील. माझ्यासाठी एवढं करा.

मी म्हटलं, वहिनी, मी खूप समजावलं त्याला. त्या म्हणाल्या, माहीत आहे हो मला. मी म्हटलं, पुन्हा बोलतो. त्या थँक्यू म्हणाल्या. दोनदा.

फोन ठेवला. मग आठवून पाहू लागलो, मी त्याला नक्की काय काय सांगून समजावलं होतं. दोन-तीन मुद्दे आठवले. चांगले होते.